हेर-आज्ञावली (स्पायवेअर)

संगणक अथवा भ्रमणध्वनी वापरणाऱ्या व्यक्तीच्या नकळत, किंवा तिची खरीखुरी संमती न घेता, तिच्या यंत्रात वास्तव्य करून तेथील माहिती परस्पर दुसऱ्याकडे पाठविणाऱ्या आज्ञावलीस (सॉफ्टवेअरला) हेर-आज्ञावली म्हणतात. संगणकीय विषाणू स्वतःच्या प्रती निर्माण करून पसरतो व पुष्कळदा यंत्राची हानी करतो. हेर-आज्ञावलीचा हेतू याहून वेगळा असतो. यंत्र चालू ठेवून त्यावरील व्यवहार न्याहाळत राहणे, हे तिचे कार्य होय. भेट दिलेली संकेतस्थळे, कळफलकावर टंकलेली अक्षरे, परवलीचे शब्द, पत्रव्यवहार, व्यक्तीचा ठावठिकाणा इ. माहिती ती गोळा करते. त्यामुळे हेर-आज्ञावलीचा प्रश्न तांत्रिक असला, तरी त्याच्या मुळाशी यंत्राचा खरा धनी कोण, हा प्रश्न आहे.

प्रारंभ : ‘स्पायवेअर’ हा शब्द ऑक्टोबर १९९५ मध्ये यूझनेट या चर्चाजालावरील एका उपहासात्मक मजकुरात प्रथम आढळतो. त्यास सध्याचा अर्थ २००० च्या सुमारास प्राप्त झाला. तत्पूर्वी १९९९ मध्ये घडलेल्या दोन घटनांनी अमेरिकेतील सुशिक्षित वर्गाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. इंटेल कंपनीने आपल्या पेंटियम ३ या प्रक्रियकात (प्रोसेसरमध्ये) प्रत्येक यंत्राची ओळख पटविणारा अनुक्रमांक घालण्याचे जाहीर केले. या अनुक्रमांकामुळे व्यक्तीचा सर्वत्र माग काढता येईल, अशी भीती व्यक्त करून खाजगीपणाच्या पुरस्कर्त्या संघटनांनी बहिष्काराचे आवाहन केले. पुढील पिढीतील प्रक्रियकांतून कंपनीला ही सोय काढून टाकावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिचर्ड स्मिथ या तज्ञाने रिअलनेटवर्क्स कंपनीच्या ‘रिअलज्यूकबॉक्स’ या संगीत वाजविणाऱ्या आज्ञावलीची तपासणी केली. ऐकणाऱ्याने कोणत्या तबकड्या वाजविल्या, ही माहिती विशिष्ट ओळखक्रमांकासह कंपनीकडे जात असल्याचे त्यास आढळले. कंपनीने क्षमा मागून दुरुस्ती उपलब्ध करून दिली. कंपनीने आपण होऊन काही सांगितले नव्हते; एका जिज्ञासू व्यक्तीने बाहेर जाणाऱ्या संदेशांचा पाठपुरावा केला म्हणून ते उघडकीस आले. या इतिहासातील पुढील अनेक प्रकरणे अशाच रीतीने उजेडात आलेली दिसतात.

जाहिरातींचा व्यवसाय : १९९९–२००५ या काळात विनामूल्य आज्ञावल्यांसोबत जाहिराती दाखविणाऱ्या आज्ञावल्या जोडून देण्याची पद्धत रूढ झाली. काझा या धारिका-विनिमयाच्या लोकप्रिय आज्ञावलीबरोबर अशा अनेक आज्ञावल्या येत. गेटर (२००३ पासून क्लॅरिया) ही कंपनी वापरकर्त्यांच्या भ्रमंतीचा अभ्यास करून त्यानुसार जाहिराती दाखवी. प्रदीर्घ करारपत्राच्या शेवटी वापरकर्त्याने होकाराची कळ दाबलेली असते, म्हणून त्याची संमती आहे, असे अशा कंपन्यांचे म्हणणे असे. टीकाकारांचे उत्तर असे होते, की जे कोणी वाचत नाही आणि वाचले तरी उमगत नाही, अशा करारास संमती म्हणणे हा केवळ शब्दच्छल होय.

आपल्याच संगणकात जाहिरातीची अशी एक आज्ञावली आढळल्याने स्टीव्ह गिब्सन याने २००० मध्ये ती काढून टाकणारी ‘ऑप्टआउट’ ही आज्ञावली लिहिली. या प्रकारच्या प्रतिबंधक साधनांत ती अगदी आरंभीची समजली जाते. तिच्याच आगेमागे ‘ॲडअवेअर’ व ‘स्पायबॉट’ ही साधने प्रचारात आली. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या घरगुती संगणकांपैकी सु. ८० टक्के संगणकांत हेर-आज्ञावल्या आढळल्या. त्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना त्यांची वार्ताही नव्हती. त्याच वर्षी युटा व कॅलिफोर्निया या राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आणि संघीय व्यापार आयोगाने अशा कंपन्यांविरुद्ध कारवाईस प्रारंभ केला.

सोनी बीएमजी प्रकरण : ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ञाने एक शोध प्रसिद्ध केला. सोनी बीएमजी या संगीत कंपनीची विकत घेतलेली तबकडी वाजविल्यावर त्याच्या संगणकात एक आज्ञावली गुपचूप शिरली होती. तबकडीच्या नकला होऊ नयेत, हा तिचा उद्देश होता; परंतु स्वतःला लपविण्यासाठी ती संगणकाच्या मूलभूत प्रणालीतच फेरफार करीत असे. विशिष्ट चिन्हांनी आरंभ होणाऱ्या नावाच्या सर्व धारिका ती अदृश्य करी. काही दिवसांतच या पडद्याआड दडणारे विषाणू निर्माण झाले. ती काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनामुळे संगणक अधिकच असुरक्षित होत असल्याचे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. अखेर कंपनीने ५२ शीर्षकांच्या तबकड्या परत मागविल्या, तोपर्यंत सु. २१ लाख तबकड्या विकल्या गेल्या होत्या. टेक्सस राज्याने दावा दाखल केला व २००७ मध्ये संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार नुकसान झालेल्या ग्राहकांस १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले. चोरवाटेने मिळविलेल्या वस्तूंतूनच हा धोका संभवतो, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला. येथे दाम मोजून प्रामाणिकपणे वस्तू घेणारा ग्राहकच पाळतीचा विषय झाला होता.

शासकीय पाळत : पुढील दशकात भ्रमणध्वनी हे हेर-आज्ञावल्यांचे मुख्य लक्ष्य बनले आणि त्यांचे प्रमुख ग्राहक शासकीय यंत्रणा होत्या. एनएसओ या इझ्राएली कंपनीच्या ‘पेगासस’ या आज्ञावलीचे अस्तित्व टोराँटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने ऑगस्ट २०१६ मध्ये उघड केले. ही आज्ञावली संदेश, छायाचित्रे व संभाषणे मिळवू शकते, तसेच ध्वनिग्राहक व कॅमेराही चालू करू शकते. तिच्या नंतरच्या आवृत्त्यांना वापरकर्त्याने काही दाबण्याचीही गरज राहिली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधील एका दोषाचा लाभ घेऊन जगभरातील सु. १,४०० व्यक्तींना लक्ष्य करण्यात आले. त्यांत भारतातील पत्रकार, वकील व कार्यकर्ते होते. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे काही वकीलही त्यांपैकीच होत. व्हॉट्सॲपने कॅलिफोर्नियात केलेल्या दाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले व ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला कायमची मनाई केली.

भारतातील स्थिती : न्या. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. जुलै २०२१ मध्ये पेगाससच्या संभाव्य लक्ष्यांबाबत जगातील अनेक वृत्तपत्रांनी एकत्रितपणे माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हे प्रकरण याच न्यायालयापुढे आले. न्यायालयाने त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ भ्रमणध्वनींपैकी पाचांत घातक आज्ञावली आढळली. परंतु ती पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र शासनाने समितीस सहकार्य केले नसल्याचेही न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात प्रवेश करणे वा त्यातील माहिती काढून घेणे बेकायदेशीर आहे. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावयास हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. करारपत्राआड दडलेल्या होकाराला या व्याख्येने बराच पायबंद बसू शकेल. तथापि देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इ. कारणांसाठी केंद्र शासन आपल्या यंत्रणांना या अधिनियमातून सूट देऊ शकते. परिणामी व्यापारी हेरगिरीपासून नागरिकास मिळणारे संरक्षण आणि शासकीय पाळतीपासून मिळणारे संरक्षण यांत मोठी तफावत राहिली आहे.