बखर आणि कॅसेट

परवा जळगावला माळा आवरताना 'रॉक मशीन'ची जुनी कॅसेट सापडली. 'द सेकंड कमिंग', १९९०. कव्हर फाटलेलं, पण वर धुळ्याच्या मावसभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं अक्षर शाबूत: "परत कर". तीस वर्षं झाली, केलेली नाही. असो.

नवीन मंडळींसाठी थोडा इतिहास. रॉक मशीन हा मुंबईचा बँड, १९८४ सालचा. तेव्हा आपल्याकडे रॉक बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी पोरं. हेही तिथूनच निघाले, पण १९८८ साली त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले. 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं. १९९५ ला नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड फुटला.

दादा मुंबईला शिकायला होता. सुट्टीत धुळ्याला जाताना आमच्याकडे उतरायचा, पिशवीत दोन-चार कॅसेट घेऊन. केळीच्या वखारीशेजारच्या आमच्या घरात इलेक्ट्रिक गिटार वाजली ती अशी. आजी विचारायची, "हाई काय वाजी ऱ्हायनं?"

२०१० मध्ये बँड पुन्हा जमला आणि २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' आला. मधे सतरा वर्षं. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नवे. गाणी आठ. मिक्सिंग टिम पामरचं, म्हणजे 'पर्ल जॅम'चा 'टेन' ज्याने मिक्स केला तो.

मी तेव्हा हिंजवडीत. कंपनीच्या बसमध्ये, एका कानात इअरफोन घालून अल्बम एकदा ऐकला आणि दुपारी मित्रांना लांबलचक मेल ठोकली. शीर्षक: 'म्हाताऱ्यांचा नवा नाद'. जुना जोर नाही, ओठांवर बसणारी गाणी नाहीत, वगैरे. मेल फिरत फिरत दादाकडे पोचली. रात्री त्याचा फोन. "तुले काय समजस भो? किती वेळा ऐकलंस?" मी म्हणालो एकदा. त्याने फोन ठेवला. पुढे वर्षभर आम्ही धड बोललो नाही. हसू नका, खानदेशात माणसं भरिताच्या तिखटावरूनही वर्षभर बोलत नाहीत.

शेवटी मीच एरंडोल-पारोळ्याची एसटी पकडून धुळ्याला गेलो. दादा मला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रं जमवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बखर नंतर, आठवणीवरून लिहिली जाते, म्हणून तिच्यावर भिस्त नको. आधी त्या वेळचा अस्सल कागद बघा.

दादा म्हणाला, "तुझी मेल म्हणजे बखर आहे."

लागलं. पण खरं होतं. मी 'इव्हॉल्व्ह' ऐकलाच नव्हता, माझ्या पंधराव्या वर्षाशी ताडून पाहिला होता. जुन्या बँडच्या नव्या अल्बमचं नेहमी हेच होतं. 'गन्स अँड रोझेस'चा 'चायनीज डेमोक्रसी' २००८ ला आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचे त्यांचे आधीचे अल्बम १९९१ चे, म्हणजे इथेही सतरा वर्षंच. लोक संगीतापेक्षा त्या वाट बघण्याबद्दलच जास्त बोलले.

त्या रात्री आम्ही सगळे अल्बम क्रमाने लावले: १९८८, १९९०, १९९५, २०१२. मग कळलं की बदल २०१२ ला झालाच नव्हता. नाव बदललं तेव्हाच बँड 'यंत्र' सोडून 'सिंधू'कडे निघाला होता. 'इव्हॉल्व्ह' त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. 'फायरफ्लाइज'सारखं गाणं पहिल्या फटक्यात हातात येत नाही, चौथ्या वेळी येतं. मी चौथ्या वेळेपर्यंत थांबलोच नव्हतो.

पण गंमत पुढे आहे. मी दादाला विचारलं, "तू किती वेळा ऐकला होतास, तो फोन केलास तेव्हा?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एकदाही नाही. आपला बँड आहे, चांगलाच असणार." म्हणजे त्याची पण बखरच! माझी रुसव्याची, त्याची भक्तीची. अस्सल कागद दोघांपैकी कुणीच उघडला नव्हता.

तेव्हापासून एक नियम केलाय. कुठल्याही जुन्या माणसाच्या नव्या कामावर मत द्यायचं तर आधी तीनदा ऐकायचं, आणि जुनं काम समोर ठेवूनच बोलायचं, आठवणीतून नाही. कोड रिव्ह्यू करताना डिफ बघितल्याशिवाय आपण शेरा मारत नाही, मग इथेच का मारतो?

कॅसेट या रविवारी धुळ्याला देऊन येईन म्हणतो. टेप बहुतेक चिकटलीय. चालेल, परत करायची होती ना.