आजोबांच्या बिल्ल्याचा आकडा

विसाव्या शतकातला बराच काळ मनमाड जंक्शनवर दोन मापांचे रूळ होते. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेज आणि औरंगाबादवरून सिकंदराबादला जाणारा मीटरगेज. माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. डबा लहान झाला तरी पोती तेवढीच राहत.

फोटोचं तसं होत नाही.

माझे आजोबा तिथे हमाल होते. त्यांचा एकच फोटो आहे, दंडावर पितळी बिल्ला असलेला. मूळ प्रत ओलीने गेली. त्याआधी चुलतभावाने तो स्कॅन केला होता, 3000 बाय 4000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. नंतर त्याचा फोन बिघडला. उरली फॅमिली ग्रुपवरची प्रत, 1200 बाय 1600. साधारण सहा ठिपक्यांमागे एक. लहान करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतात. आकाशाला त्याने काही होत नाही, पण बिल्ल्यावरच्या आकड्याची बारीक रेघ पितळाच्या रंगात मिसळून जाते. वर जेपेग. 1992मध्ये मान्य झालेली ही पद्धत चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. आपल्याला हवा होता तो नेमका बारकावाच.

ठिपक्यांचा हा खेळ जुना आहे. नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाआधी छपाईच्या धंद्यात होते. त्या काळी फोटो छापायचा तर हाफटोन ब्लॉक लागे, म्हणजे लहानमोठे ठिपके. छापलेल्या फोटोवर भिंग धरा: ठिपके मोठे दिसतात, चेहरा जास्त कळत नाही. 1957मध्ये अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घेतला, तोही फक्त 176 बाय 176 ठिपक्यांचा. आज तो भिंतीएवढा केला तरी माहिती 30,976 ठिपक्यांचीच.

आम्हीही आकडा मोठा करून पाहिला. साध्या पद्धतीने नुसता धूसर डाग मोठा झाला. मग एका एआय अ‍ॅपने लख्ख 38 दाखवला, दुसऱ्याने तितक्याच लख्खपणे 88. दोघांनीही तो वाचला नव्हता, रचला होता. (आजोबांना एकाने नव्या मिशाही दिल्या.) आत्याने दोन्ही परत केले. घरात आजोबांच्या कामाचा दुसरा कागद नाही, त्यामुळे चुकीचा आकडा भिंतीवर लागला असता तर नातवंडांनी तोच खरा धरला असता.

छपाईला इंचामागे 300 ठिपके धरले तर 1200 ठिपक्यांत 4 इंच रुंदी बसते. फ्रेम तेवढीच केली. आकडा पुसट आहे, तसाच ठेवला.