‘माझ्यासमोर दिले’: मस्टरपासून पोर्टलपर्यंत

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: बांधकामाच्या बिलासोबत जोडायची कागदपत्रं. हल्ली ती पोर्टलवर चढवावी लागतात. कंत्राटदाराच्या ऑफिसातला बिलिंगवाला दर महिन्याला पीएफचं चलन, ईएसआयचं चलन, हजेरीपट, वेतन नोंदवही, विमा पॉलिसी अशी एकेक पीडीएफ टाकत जातो. पलीकडे क्लायंटचा माणूस ती उघडून मंजूर करतो आणि हिरवी टिक येते. पॉलिसीची मुदत संपली की लाल खूण. सगळं हिरवं झाल्याशिवाय बिल अडकलेलंच.

पण मजुराच्या पगाराची जबाबदारी काम देणाऱ्याच्या गळ्यात आली कशी? मजूर तर कंत्राटदाराचा! त्यासाठी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापाशी जावं लागतं. त्याचं 21 वं कलम म्हणायचं की मजुरी कंत्राटदारानं द्यायची, पण पैसे वाटताना मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याचं काम चाललंय त्याचा, प्रतिनिधी तिथे हजर पाहिजे. कंत्राटदारानं पैसे बुडवले किंवा कमी दिले, तर ते मुख्य मालकानं भरायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे.

1971 च्या केंद्रीय नियमांनी तपशील ठरवले. वेतन नोंदवहीच्या शेवटी त्या प्रतिनिधीनं सही करून लिहायचं, की या रकान्यातली रक्कम अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, माझ्यासमोर संबंधित कामगाराला दिली. मला यातला ‘माझ्यासमोर’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. त्याच नियमांत आणखीही गोष्टी होत्या. पगार कधी आणि कुठे वाटणार याची नोटीस साइटवर लावायची. मजुरीचे दर, कामाचे तास हे इंग्रजीत, हिंदीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या स्थानिक भाषेत लावायचे. पगार आठवड्यानं किंवा त्याहून जास्त दिवसांनी होत असेल, तर आदल्या दिवशीपर्यंत मजुराच्या हातात वेतनचिठ्ठी द्यायची. म्हणजे बघा, यातले बरेचसे कागद मजुरानं वाचावेत म्हणून होते.

प्रत्यक्षात काय झालं? त्यासाठी दिल्लीला जाऊ. नोव्हेंबर 1982 मध्ये एशियाड होणार होतं, त्यामुळे स्टेडियमं आणि उड्डाणपुलांची कामं घाईनं चालली होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून मजूर आणले होते ते जमादारांनी. आपल्याकडे ज्याला मुकादम म्हणतात, तोच हा माणूस. किमान मजुरी होती रोजची 9 रुपये 25 पैसे. कंत्राटदार ती जमादाराच्या हातात ठेवायचा, जमादार माणशी रोज 1 रुपया कमिशन कापायचा आणि मजुराला मिळायचे 8 रुपये 25 पैसे. ‘माझ्यासमोर दिले’ लिहायचा नियम तेव्हा 11 वर्षांचा झाला होता!

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. कोर्टानं आधी अंतरिम आदेश दिला, की मजुरी थेट मजुराच्या हातात द्या, मध्ये जमादार नको. साइटवर जाऊन पाहणी करायला तीन लोकपालही नेमले. मग 18 सप्टेंबर 1982 चा निकाल आला: किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमानुसार वेठबिगारी आहे. कंत्राटदारानं कायदा मोडला, आमचा काय संबंध, असं सरकारला म्हणता येणार नाही. आज क्लायंट कंत्राटदाराकडे कागद मागतो, त्यामागची भीती कायद्याइतकीच या निकालातूनही आलेली आहे, असं माझं मत.

पुढच्या 35 वर्षांचं फार सांगत नाही. नोंदवह्या वाढत गेल्या. 2017 मध्ये केंद्रानं 9 कायद्यांखालच्या 56 नोंदवह्या आणि नमुने मिळून 5 केले आणि ते संगणकावर ठेवायलाही मुभा दिली. खासगी सॉफ्टवेअरवाल्यांचं काम त्यामुळे सोपं झालं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं 1970 चा कायदा पोटात घेतला. त्यातलं 55 वं कलम म्हणतं, कंत्राटदारानं मजुरी बँकेतून किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं द्यावी आणि मालकाला तसं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं कळवावं. म्हणजे ‘हजर राहा’च्या जागी ‘कळवा’ आलं. पैसे बुडाले तर मालकानं भरायचे, ही जबाबदारी मात्र तशीच आहे.

मी जुन्या वह्यांचे गोडवे गाणार नाही. एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेलं महिन्याचं मस्टर कुठल्याही साइटवर काम केलेल्या माणसाला नवीन नाही. बँकेची नोंद त्याहून कितीतरी पक्की. पीएफचा यूएएन नंबर असेल तर मजूर स्वतः आपली शिल्लक बघू शकतो, ही मोठीच सोय. पण खात्यात पूर्ण मजुरी जमा झाली आणि संध्याकाळी मुकादमानं त्यातले रोख परत मागितले, तर पोर्टलवर टिक हिरवीच राहणार. एशियाडचा तो 1 रुपया तिथे दिसणारच नाही.

आणि लॉगिन कुणाकुणाला असतं बघा: क्लायंट, कंत्राटदार, सल्लागार, ऑडिटर. ज्याच्या मजुरीची पीडीएफ तिथे पडलेली असते, त्याला बहुतेक ठिकाणी नसतं. आपल्या नावापुढे हजेरी 26 दिवस लागली की 20, हे त्याला तिथून कळत नाही. तेव्हा यातलं काम करणाऱ्या श्रोत्यांना माझं एक सांगणं आहे. पीडीएफ मंजूर करण्याआधी त्यातली चार नावं निवडा, साइटवर जा आणि त्या माणसांना बाजूला घेऊन विचारा, हातात किती पडले. मुकादम जवळ नसताना विचारा.

बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकराची गोष्ट यात बसली नाही. 1996 च्या कायद्यापासून सुरू होणारी ती गोष्ट पुढच्या भागात.