रक्तदाब कोसळण्याआधीचे पंधरा तास

रुग्ण : ६८ वर्षांचे गृहस्थ. शस्त्रक्रिया : पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून. घटनाक्रम प्रातिनिधिक आहे. पण अशी सकाळ कुठल्याही ऑपरेशन थिएटरला नवी नाही.

रात्री ९.०० : शेवटचं जेवण. नियमाप्रमाणे हलकं जेवण सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवायचं. घरी निरोप पोचतो तो असा : ‘रात्रीनंतर पाण्याचा थेंबही नको.’

सकाळी ७.०० : रक्तदाबाची रोजची टेल्मिसार्टनची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली जाते. भूल दिल्यावर ही गोळी दाब सावरू देत नाही, म्हणून ती बहुधा आदल्या दिवसापासूनच बंद ठेवायला सांगतात. इथे कुणी सांगितलेलं नाही.

९.०० : आधीची शस्त्रक्रिया लांबते. रुग्ण ताटकळलेला, घसा कोरडा. सलाइन लावलेलं नाही.

११.३० : टेबलावर रक्तदाब १२८/७६. सगळे निर्धास्त. शरीरातलं साठ-सत्तर टक्के रक्त शिरांमध्ये असतं. पाणी कमी पडलं की शिरा आवळल्या जातात आणि हृदयाकडे रक्त जात राहतं. त्यामुळे तूट आकड्यात दिसत नाही.

११.३६ : सोनोग्राफीचं यंत्र भिंतीलगत उभं आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली प्रोब ठेवला असता, तर यकृतामागे इन्फिरिअर व्हेना काव्हा दिसली असती : पोटाचं आणि पायांचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. श्वास सोडताना ती १.८ सेंटिमीटर रुंद, श्वास घेताना जेमतेम ०.९. म्हणजे ५० टक्के आकसणं. झांग आणि क्रिचली यांनी २०१६ मध्ये ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात भुलीनंतर दाब कोसळण्याच्या धोक्याची रेषा ४३ टक्क्यांवर मांडली होती. प्रोब कुणी उचलत नाही.

११.४२ : भुलीचं औषध, प्रोपोफॉल. आवळून धरलेल्या शिरा सैलावतात. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं.

११.४५ : ७८/४४.

११.४७ : ६२/३६. सरासरी दाब ४५. तो ६५ च्या खाली रेंगाळला की मूत्रपिंडांना आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. दाब वाढवणारं मेफेन्टरमिन दिलं जातं, सलाइन जोरात सुरू होतं.

११.५५ : दाब सावरतो. पण ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा उमटल्या आहेत. शस्त्रक्रिया रद्द. रुग्ण आयसीयूत.

शिरेची ही सोनोग्राफी म्हणजे अचूक भाकीत नव्हे. पोट स्थूल असेल किंवा आतड्यांत वायू असेल, तर शीर नीट दिसत नाही. कंबरेतून भूल देताना या तपासणीचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. तरीही शीर आकसलेली दिसली असती, तर आधी सलाइन देता आलं असतं, प्रोपोफॉल कमी आणि सावकाश देता आलं असतं, दाब वाढवणारं औषध भरून हाताशी ठेवता आलं असतं.

भूलतज्ज्ञांनी वयस्क, उपाशी रुग्णाला भूल देण्याआधी या तपासणीसाठी दोन मिनिटं काढावीत. आणि रुग्णांनी आदल्या दिवशी दोन प्रश्न विचारावेतच : पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं, आणि रक्तदाबाची कुठली गोळी घ्यायची नाही?