कृत्रिम महाधमनी आणि आतडे : एका दुर्मीळ फिस्टुलाच्या निदानाचा इतिहास

एखादी नवी शस्त्रक्रिया रूढ झाली की कालांतराने तिच्यातूनच उद्भवलेला एखादा नवा विकारही वैद्यकाच्या नोंदींत दिसू लागतो. महाधमनीचे रोपण आणि आतडे यांच्यात निर्माण होणारा फिस्टुला हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याच्या निदानाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

रोगट महाधमनी आपोआप आतड्यात फुटू शकते, हे इंग्लंडचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदविले होते. रोपणानंतरचा फिस्टुला मात्र विसाव्या शतकाचे अपत्य आहे. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी पोटातील महाधमनीचा फुगलेला भाग काढून तेथे मृतदेहातील धमनी जोडली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरहीज व सहकाऱ्यांनी विन्यॉन-एन कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी तर घरच्या शिलाई यंत्रावर डॅक्रॉनच्या नळ्या शिवल्या! या यशाची चर्चा चालू असतानाच, १९५३ मध्ये, लंडनच्या रसेल ब्रॉक यांनी रोपित धमनी व ग्रहणी यांच्यातील फिस्टुलाची नोंद केली; १९५६ मध्ये नायलॉनच्या रोपणाचा टाका सुटून ते लहान आतड्यात फुटल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

याचे कारण शरीररचनेत आहे. ग्रहणीचा तिसरा व चौथा भाग महाधमनीच्या अगदी पुढ्यात, जवळजवळ जखडलेला असतो. धमनीच्या स्पंदनाचे सततचे घर्षण आणि रोपणातील जंतुसंसर्ग यांमुळे आतड्याची भिंत झिजते.

निदानाची खरी अडचण पहिल्या रक्तस्रावात आहे. तो थोडा असतो व गुठळीने आपोआप थांबतो; रुग्ण सावरल्यासारखा दिसतो. काही तासांनी, दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी प्राणघातक रक्तस्राव होतो. निदान करायचे ते या मधल्या अवधीत. रक्तस्राव, पोटदुखी व पोटात स्पंदणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळणे हा अपवादच. म्हणून रोपणाची शस्त्रक्रिया, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेना, झाली होती काय, हा प्रश्न विचारणे निर्णायक ठरते. (रुग्णाच्या पूर्ववृत्तालाही वैद्यक ‘इतिहास’ म्हणते, हे इतिहासाच्या अभ्यासकास येथे विशेष जाणवते.)

साधने वाढली, पण शंका पूर्णपणे फिटली नाही. १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांची लवचीक दुर्बीण आली; परंतु नेहमीची तपासणी ग्रहणीच्या दुसऱ्या भागापर्यंतच थांबते. शिवाय जठरात एखादा व्रण दिसला की त्यालाच दोषी ठरविण्याचा मोह होतो. दुर्बिणीत काहीच न दिसणे म्हणजे फिस्टुला नसणे, असे मुळीच नव्हे. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनने पुढे मोठा आधार दिला. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे उलटूनही रोपणाभोवती हवा दिसणे, आतडे व रोपण यांमधील चरबीचा थर नाहीसा होणे, ही संशयाची चिन्हे होत. धमनीतील रंगद्रव्य थेट आतड्यात उतरताना क्वचितच दिसते. रक्तदाब ढासळत असलेल्या रुग्णास तपासण्यांसाठी थांबविता येत नाही. अशा वेळी पोट उघडणे हेच निदान ठरते.

१९९० मध्ये ब्वेनोस आइरेस येथे हुआन पारोदी यांनी पोट न उघडता मांडीच्या धमनीवाटे रोपण बसविले. महाधमनीवर टाकेच नाहीत, तेव्हा हा फिस्टुलाही होऊ नये, असे तर्काने वाटते. तथापि त्या पद्धतीनंतरही असे रुग्ण आढळले आहेत.