हैदराबादचा शरद आणि जर्दाळूचे पक्वान्न

युरोपीय काव्याच्या परिचयाने वाढलेल्या आपल्या सुशिक्षितांच्या मनात शरद ऋतू म्हटला की तांबूस-सोनेरी पानांची झाडे आणि वाळक्या पाचोळ्याने झाकलेल्या वाटा उभ्या राहतात. वस्तुतः दख्खनच्या पठारावर ही पानगळ आश्विनात होतच नाही. आपल्याकडील साग आणि पळस यांची पाने हिवाळ्याच्या उत्तरार्धात झडतात. आश्विनात रान अजून पावसाच्या पाण्यावर हिरवेगार असते. संस्कृत कवींचा शरद तर शुभ्र आहे : काशाची फुले, निर्मळ चांदणे, हंसांचे थवे. हैदराबाद या नगराने मात्र आपला शरद पिवळ्या रंगात रंगविला, आणि त्या पिवळेपणाचा काही अंश ताटातही वाढला. या रंगाचा व या ताटाचा इतिहास एकत्र पाहिला असता त्यातून एक विचार हाती लागतो, तो येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम रंग. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलंगणातील स्त्रिया 'बतुकम्मा' रचतात. फुलांचे थर एकावर एक चढवून शंकूच्या आकाराची देवी उभी करावयाची, तिच्याभोवती फेर धरावयाचा आणि शेवटी ती तळ्यात विसर्जित करावयाची, असा हा उत्सव आहे. त्यात मान असतो तो 'तंगेडु' आणि 'गुनुगु' या फुलांना. ही नावे परकी वाटली तरी फुले परकी नाहीत. तंगेडु म्हणजे आपला तरवड आणि गुनुगु म्हणजे कुरडू. माळरानावर कोणी न लावता उगवणाऱ्या या झुडपांनाच तेथे देवत्व प्राप्त होते. त्यांच्या जोडीला झेंडू आणि शेवंती असतातच. 2014 साली तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर बतुकम्मा हा राज्याचा उत्सव आणि तरवड हे राज्याचे पुष्प ठरले. आपल्या भोंडल्याचे व मराठवाड्या-विदर्भातील भुलाबाईचे दिवसही याच सुमाराचे. दसऱ्यास आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो, तर तेलंगणात ते शमीचे पान असते. पान बदलले, तरी त्यामागील भावना एकच आहे.

या नगराचे ऋतूंवरील प्रेम त्याच्या जन्माइतके जुने आहे. 1591 साली हैदराबाद वसविणारा महंमद कुली कुतुबशहा हा स्वतः दख्खनी भाषेतील कवी होता. वसंत, मृगाचा पाऊस, थंडीचे दिवस, बागेतील फळे आणि फुले हे त्याचे आवडते विषय होत. सिंहासनावर बसून मृगाची वाट पाहणारा हा राजा वंशाने इराणी-तुर्की, धर्माने शिया मुसलमान, आणि भाषेने दख्खनी होता. त्या दख्खनीत 'नक्को' हा नकार आणि निश्चयार्थी 'च' हे दोन्ही मराठीतून गेले आहेत, आणि आजही हैदराबादच्या रस्त्यांवर ते ऐकू येतात. हा शब्द बाहेरचा म्हणून तो बोलताना तेथे कोणी अडखळत नाही.

आता ताटाकडे वळू. हैदराबादच्या मेजवान्यांत, विशेषतः थंडीच्या दिवसांतील लग्नांत, 'खुबानी का मीठा' नावाचे पक्वान्न असते. खुबानी म्हणजे वाळविलेला जर्दाळू. 'जर्दाळू' हा मराठी शब्द फारसी 'जर्द-आलू' यावरून आला. जर्द म्हणजे पिवळा आणि आलू म्हणजे अलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. म्हणजे पिवळेपणा या फळाच्या नावातच आहे. गंमत अशी की, युरोपीय भाषांतील त्याचे एक नाव 'लवकर पिकणारे' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून अरबीमार्गे घडले, तर पोर्तुगीजांनी त्यास दमास्कस शहरावरून 'दमास्को' म्हटले. या एका फळाच्या नावांत अर्ध्या जगाचा भूगोल साठला आहे.

जर्दाळूच्या झाडास कडाक्याची थंडी लागते, म्हणून ते दख्खनमध्ये रुजत नाही. हे फळ येथे आले ते वाळलेल्या रूपात, मध्य आशिया आणि अफगाणिस्तानकडील व्यापारातून. गोवळकोंड्याचे इराणशी दळणवळण मच्छलीपट्टणच्या बंदरातून चाले. पुढे 1724 मध्ये दख्खनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापणाऱ्या निजाम-उल्-मुल्काचे आजोबा समरकंदच्या प्रदेशातून हिंदुस्थानात आले होते; म्हणजे जर्दाळू हे त्या घराण्याच्या मूळ भूमीचेच फळ. त्याच मुलखातला बाबर आपल्या आत्मचरित्रात फरगाण्यातील मर्गिनान गावच्या जर्दाळूंचे कौतुक करतो. तेथील लोक बी काढून तिच्या जागी बदामाचा गर भरीत आणि मग फळ वाळवीत, असे त्याने नोंदविले आहे.

हैदराबादच्या स्वयंपाकघराने याच कल्पनेस वेगळे वळण दिले. सुके जर्दाळू रात्रभर पाण्यात भिजवावयाचे, सकाळी बिया अलग करावयाच्या, आणि त्याच पाण्यात साखर घालून मंद आचेवर फळ पूर्ण मऊ होऊन दाट, गडद सोनेरी पाक जमेपर्यंत शिजवावयाचे. मग कठीण बिया फोडून त्यांतील बदामासारखा गर वर पेरावयाचा. बाबराच्या गावी फळात बाहेरचा बदाम जाई. येथे फळास त्याचाच गाभा परत मिळतो. अर्थात हा गर गोड जातीच्या जर्दाळूचाच घ्यावा लागतो, कारण कडू बियांत पोटात गेल्यावर विष निर्माण करणारे द्रव्य असते. वर दाट साय घालून हे पक्वान्न कोमट खाल्ले असता कार्तिक-मार्गशीर्षातील गारव्यात त्याची ऊब जाणवते.

जर्दाळू बाहेरचा म्हणून ओळखला तरी जातो. सीताफळाचे तसे नाही. सीताफळाच्या नावात साक्षात सीतामाई आहे, तरी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हे झाड मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले, आणि ते पोर्तुगीजांच्या काळात येथे आले असा सर्वसाधारण समज आहे. भारहूतच्या प्राचीन शिल्पांत आपल्याला सीताफळ दिसते असे एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी प्रतिपादन केले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. वाद काहीही असो, आश्विनात हैदराबादच्या बाजारात सीताफळाच्या राशी पडतात. सिकंदराबादेत 'सीताफळमंडी' नावाची वस्तीच आहे. महबूबनगरकडील 'बालानगर' ही जात जशी नावाजलेली, तसे आपल्या बीडचे सीताफळही नामांकित. त्यास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची विभागणी होऊन बीडसह पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालानगर आंध्र प्रदेशात गेले. राज्याची सीमा बदलली, फळाचा हंगाम मात्र दोन्हीकडे आश्विनातच राहिला.

भट्टीची गोष्टही अशीच आहे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्यामागून यीस्ट वा ताडीने फुगविलेली भाकरी तेथे रुजली. तिचे पोर्तुगीज नाव मराठीत 'पाव' झाले, आणि ती भाजणारा कोकणीत 'पोदेर' झाला. हैदराबादने त्याच वस्तूस 'डबल रोटी' म्हटले आणि तिचे तुकडे तुपात तळून, केशरी दुधात व पाकात मुरवून 'डबल का मीठा' केला. आज तर तेथील बेकऱ्यांत केकच्या थरांमध्ये खुबानीचा पाक व साय भरलेले मिष्टान्न मिळते. फरगाण्याकडचे फळ आणि युरोपीय भट्टी यांचा तो मिलाफच होय.

या सर्व धाग्यांची गाठ ज्या एका जागी पडते, ती मोअज्जम जाही मार्केट. शेवटच्या निजामाच्या द्वितीय पुत्राचे नाव दिलेली ही दगडी इमारत 1935 साली फळबाजारासाठी उभी राहिली. घाऊक बाजार पुढे दुसरीकडे गेला, परंतु सीताफळाच्या आइस्क्रीमची दुकाने तेथे राहिली. तेथेच फाळणीत सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानी यांनी 1953 साली 'कराची बेकरी' काढली. तिची फळांच्या तुकड्यांची बिस्किटे हैदराबादची खूण बनली. अशा बिस्किटांतील लाल-हिरवे-पिवळे तुकडे बहुधा पाकवलेल्या कच्च्या पपईचे असतात, आणि पपईसुद्धा अमेरिकेतून आलेली. फेब्रुवारी 2019 मध्ये बंगळुरात जमावाच्या मागणीवरून या दुकानाच्या पाटीवरील 'कराची' हा शब्द झाकावा लागला, आणि मे 2025 मध्ये खुद्द हैदराबादजवळ शमशाबादेत तिच्या दुकानाची मोडतोड झाली. शत्रुराष्ट्राविषयीचा रोष आम्ही समजू शकतो. परंतु ते नाव घर हरवलेल्या हिंदू कुटुंबाने आपल्या गावाची आठवण म्हणून जपलेले होते, याचा विसर पडावा हे दुःखद होय.

नावाचे मूळ खणू लागलो तर कोणते ताट शिल्लक राहील? जर्दाळू जाईल, पाव जाईल, पपई जाईल, आणि सीतामाईचे नाव धारण करणारे फळही कदाचित उठून जाईल. वस्तू कोठून आली हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो अवश्य विचारावा. ती कोणाची आहे हे मात्र तिला पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिजविले, वाढले आणि सणात स्थान दिले यावरून ठरते. हैदराबादच्या शरदात माळावरचा तरवड आणि दूर देशीचा जर्दाळू एकाच पिवळ्या रंगाने शोभतात. त्या नगरात पिढ्यांपासून राहणाऱ्या आणि 'नक्को' शब्दातून आपली भाषा परत ऐकणाऱ्या मराठी माणसाला तरी हे वेगळे समजावून सांगावयास नको.