अचानक कुणी आडवं आलं किंवा टायर फुटला, तर अपघाताला चालक जबाबदार?

राजवाडी होळीसाठी सातपुड्यातून हजारो लोक नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीला येतात. समजा, जाताना वळणावर मूल आडवं आलं, तुम्ही स्टिअरिंग फिरवलं आणि तरी अपघात झाला. गुन्हा तुमचा?

दरवेळी नाही. कर्नाटकात रस्ता ओलांडणाऱ्या चिमुरडीला वाचवायला चालकाने बस वळवली, तरी ती दगावली. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. फौजदारी खटल्यात नुसता अपघात पुरेसा नसतो, निष्काळजीपणा सरकारी पक्षाने सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला आणि मृत्यू झालेला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग टायर फुटला तर? पुण्याहून मुंबईला येणाऱ्या कारच्या अपघातात विमा कंपनीने ‘देवाची करणी’ म्हणत हात वर केले. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये ते फेटाळलं आणि १.२५ कोटींची भरपाई कायम ठेवली. टायर तपासणं, हवा योग्य ठेवणं, वेग आवरणं माणसाच्याच हातात आहे.

थोडक्यात, संकट तुमच्याच हलगर्जीपणातून आलं असेल, तर ‘अचानक घडलं’ हा बचाव टिकणं कठीण.

अपघातानंतर पळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून द्या. पोलीस तिथे नसतील, तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवा.